गिटार वाजवता न येणारा रेडिओ मेकॅनिक, ज्याचा ॲम्प लोक आजही घरच्या टेबलावर बनवतात

एक खोकं घरी येतं. उघडलं की आत काय असतं? पत्र्याची चेसिस, दोन जड ट्रान्सफॉर्मर, काचेचे पाच व्हॉल्व्ह, एक बारा इंची स्पीकर, पिशव्यांमध्ये भरलेले रेझिस्टर आणि कॅपॅसिटर, रंगीत वायरी, लाकडी कॅबिनेट आणि एक नकाशा. कुठला पार्ट कुठे बसतो, कुठली वायर कुठून निघून कुठे जाते, हे सगळं त्या नकाशावर काढलेलं असतं. सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचं, काही शनिवार-रविवार त्यात घालवायचे आणि शेवटी गिटार जोडून बघायची.

जगभरातली हौशी मंडळी असे जुन्या पद्धतीचे गिटार ॲम्प्लिफायर घरी बनवतात. किट विकणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. पण कुठल्याही कंपनीची यादी उघडा, त्यात एक नाव हमखास सापडतं : ५ई३. हे सर्किट १९५५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या एका कारखान्यातून बाहेर पडलं. कारखान्याच्या मालकाचं नाव होतं लिओ फेंडर.

नाव ओळखीचं वाटतंय ना? बरोबर, तोच फेंडर. जिमी हेंड्रिक्सच्या हातात दिसते ती स्ट्रॅटोकास्टर गिटार याच माणसाची. आणि गंमत म्हणजे या गड्याला आयुष्यभर गिटार वाजवता आली नाही. लहानपणी पियानो शिकला, मग सॅक्सोफोन वाजवून पाहिला, पण गिटार काही जमली नाही.

मग गिटार न वाजवणाऱ्या माणसाने काढलेला ॲम्प लोक सत्तर वर्षांनंतरही घरी बसून का बनवतात? याचं उत्तर त्याच्या पहिल्या धंद्यात आहे. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करायचा.

संत्र्याची बाग आणि खोकंभर भंगार

क्लॅरेन्स लिओनिडस फेंडर याचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. आईवडिलांची संत्र्याची बाग होती, ॲनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात. आठ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसला. पुढे दुसऱ्या महायुद्धात तरुणांची भरती सुरू झाली तेव्हा याच कारणाने त्याला सैन्यात घेतलं नाही.

नात्यातल्या जॉन वेस्ट यांचं सांता मारिया इथं गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. १९२२ साली त्यांनी लिओला एक खोकं पाठवलं. त्यात गाड्यांचे टाकून दिलेले इलेक्ट्रिक पार्ट आणि एक बॅटरी होती. पुढच्या वर्षी लिओ त्यांच्या दुकानात गेला. तिथे त्यांनी सुट्या पार्टमधून स्वतः जोडलेला एक रेडिओ होता आणि त्याच्या कर्ण्यातून मोठ्याने गाणं चालू होतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या डोक्यात तो आवाज जो बसला, तो बसलाच. घरी आल्यावर त्याने रेडिओ उघडायला आणि जोडायला सुरुवात केली.

पण शिक्षण मात्र त्याने अकाउंट्सचं घेतलं. इलेक्ट्रॉनिक्सचं एकही रीतसर पुस्तकी शिक्षण त्याच्याकडे नव्हतं. आधी बर्फाच्या कंपनीत डिलिव्हरीचं काम, मग तिथेच हिशेब लिहिण्याचं. १९३४ साली एस्थरशी लग्न झालं. नंतर राज्याच्या हायवे खात्यात अकाउंटंटची नोकरी लागली. काळ महामंदीचा होता. ती नोकरी गेली. मग टायरच्या कंपनीत लागला, सहा महिन्यांत तीही गेली.

मग त्याने ठरवलं, आता आपल्याला येतं तेच करायचं. १९३८ साली ६०० डॉलर कर्ज काढलं, फुलर्टनला परत आला आणि दुकानावर पाटी लावली : फेंडर रेडिओ सर्व्हिस.

टेबलावर आलेली बिघडलेली यंत्रं

दुकानात रेडिओ यायचे, रेकॉर्ड प्लेयर यायचे. लिओ लाउडस्पीकरचे सेट भाड्यानेही द्यायचा. हळूहळू आसपासचे वादक आपले बिघडलेले ॲम्प घेऊन येऊ लागले.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. तेव्हा रेडिओ असो की ॲम्प, सगळं व्हॉल्व्हवर चालायचं. आपल्याकडेही जुन्या घरांमध्ये व्हॉल्व्हचे रेडिओ होते. बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. आतली काचेची नळी तापायची, लालसर उजेड दिसायचा आणि मग गाणं सुरू व्हायचं. गिटारच्या ॲम्पमध्येही हेच घडतं. तारेच्या कंपनातून गिटारच्या पिकअपमध्ये अगदी क्षीण विद्युत लहर तयार होते. पहिले व्हॉल्व्ह ती वाढवतात, शेवटचे मोठे व्हॉल्व्ह तिला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतात.

रेडिओ घरात एका कोपऱ्यात बसून असतो. गिटारवाल्याचा ॲम्प मात्र रोज गाडीत टाकला जातो, पायऱ्यांवर आपटतो, सिगारेटच्या धुरात तासन्‌तास तापतो. तो बिघडणारच. आणि बिघडला की त्या रात्रीचा कार्यक्रम बुडाला, म्हणजे वादकाचे पैसे बुडाले. असे ॲम्प उघडून उघडून लिओला दोन गोष्टी कळल्या. कुठला पार्ट आधी जातो आणि त्याच्यापर्यंत हात पोचवायला मेकॅनिकला किती त्रास होतो.

डॉक कॉफमन नावाचा एक वादक आणि खटपट्या माणूस त्याला भेटला. दोघांनी मिळून रेकॉर्ड आपोआप बदलणारं यंत्र बनवलं, त्याचं डिझाइन विकलं आणि १९४५ साली के अँड एफ ही कंपनी काढली. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार आणि तिच्या जोडीला छोटा ॲम्प, असा माल ते विकायचे. वर्षभरात कॉफमनला कर्जाची धास्ती वाटू लागली आणि तो बाहेर पडला. १९४६ मध्ये लिओने एकट्याच्या जिवावर फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी सुरू केली.

मेकॅनिकच्या सोयीचा ॲम्प

आता त्या ५ई३ कडे येऊ. हे नाव गूढ वाटतं, पण त्यामागे साधा हिशेब आहे. ५ म्हणजे १९५० चं दशक. ई म्हणजे सर्किटची सुधारित आवृत्ती. ३ म्हणजे मॉडेल, इथे डिलक्स. सगळ्यात छोट्या चॅम्पचा नंबर १, म्हणून त्याचं एक सर्किट ५एफ१. बासमनचा नंबर ६, म्हणून ५एफ६-ए.

फेंडरच्या ॲम्पची मागची फळी काही स्क्रू काढले की निघते. आत चेसिस वरच्या बाजूला टांगलेली असते आणि व्हॉल्व्ह उलटे लटकतात. व्हॉल्व्ह गेला, तर ओढून काढायचा आणि नवा लावायचा. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या जागी, हे सांगणारा छापील कागद कॅबिनेटच्या आतच चिकटवलेला असायचा.

चेसिस उघडली की आत एक फायबरचा बोर्ड दिसतो. त्यावर पितळी छिद्रांच्या रांगा. प्रत्येक रेझिस्टर आणि प्रत्येक कॅपॅसिटर या छिद्रांत सरळ ओळीत बसवून सोल्डर केलेला. कुठलाही पार्ट दुसऱ्याच्या खाली दडलेला नाही. खराब झालेला एक पार्ट काढायला शेजारच्या चार पार्टना धक्का लावावा लागत नाही. त्या काळी अनेक यंत्रांमध्ये पार्ट हवेतच एकमेकांना जोडलेले असायचे आणि आत कोळ्याचं जाळं झालेलं असायचं. त्या तुलनेत फेंडरची मांडणी एखाद्या वहीच्या पानासारखी वाचता येते.

कंपनी दोन प्रकारची चित्रं काढायची. एक सर्किट डायग्राम, जो इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यालाच कळतो. दुसरा लेआउट, ज्यात बोर्ड जसा डोळ्यांना दिसतो तसाच काढलेला असतो. गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांना हा लेआउट पुरेसा होता. आज किटसोबत जो नकाशा येतो, तो या लेआउटचाच वंशज आहे.

लिओने सर्किटची मूळ तत्त्वं स्वतः शोधली होती असं नाही. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या आपल्या माहितीपुस्तकांत नमुन्याची सर्किट छापायच्या. सगळा रेडिओ उद्योग त्यावर चालायचा आणि लिओनेही तिथूनच सुरुवात केली. त्याची कमाल पुढच्या कामात होती. कमी पार्ट, मजबूत बांधणी, आणि वादकाने तक्रार केली की पुन्हा बदल. एकाच मॉडेलच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या त्या यामुळेच.

नको असलेला आवाज

गिटार येत नसल्याने लिओला वादकांवर अवलंबून राहावं लागायचं. तो नवे ॲम्प आणि नव्या गिटारी त्यांच्या हातात द्यायचा, क्लबमध्ये जाऊन ऐकायचा, काय खटकतं ते विचारायचा. १९५१ ची टेलिकास्टर, त्याच वर्षीचा प्रिसिजन बास, १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर, हे सगळं याच पद्धतीने घडलं. १९५३ मध्ये कंपनीत आलेला फ्रेडी टावारेस स्वतः व्यावसायिक वादक होता, त्यामुळे ऐकणारा एक पक्का कान घरातच आला.

लिओला स्वतःला हवा होता तो स्वच्छ, खणखणीत आवाज. ॲम्प कितीही मोठा केला तरी आवाज फाटता कामा नये, ही त्याची धडपड.

पण छोट्या ॲम्पची एक मर्यादा असते. ५ई३ ची ताकद साधारण १२ ते १५ वॅट. बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तारा जोरात छेडल्या, की व्हॉल्व्हना तेवढी ताकद देता येत नाही. लहरीचं टोक कापलं जातं. व्हॉल्व्हमध्ये हे कापणं एकदम होत नाही, हळूहळू होतं, म्हणून कानाला ते खरखरीत पण उबदार लागतं. हळू वाजवलं की आवाज साफ, जोरात वाजवलं की गुरगुरल्यासारखा. शिवाय जोराचा घाव बसला की वीजपुरवठाही क्षणभर दबतो आणि पुन्हा सावरतो, त्यामुळे सूर श्वास घेतल्यासारखा वाटतो.

इंजिनिअरच्या लेखी हा दोष होता. ब्लूज आणि रॉक वाजवणाऱ्या पोरांनी त्याच दोषाला आपला आवाज मानलं. नील यंग गेली कित्येक दशकं १९५९ च्या जुन्या डिलक्सवरच वाजवतोय.

दुसऱ्या टोकाला होता डिक डेल. पल्प फिक्शन सिनेमाच्या सुरुवातीला जी सुसाट गिटार वाजते, ती याची. हा पठ्ठ्या इतक्या जोरात वाजवायचा की ॲम्प आणि स्पीकर धारातीर्थी पडायचे. लिओ आणि टावारेस त्याला ऐकायला गेले, परत येऊन त्याच्यासाठी जास्त ताकदीचा ॲम्प बनवला आणि त्याला पेलेल असा पंधरा इंची स्पीकर शोधला. त्यातून शोमन हे मॉडेल आलं. बिघडलेल्या मालाकडून शिकायची रेडिओच्या दुकानातली सवय इथेही कामी आली.

लंडनमधली नक्कल

उघडून वाचता येईल अशी वस्तू बनवली, की ती कुणीही बनवू शकतो. हे सगळ्यात आधी इंग्लंडमध्ये घडलं.

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रमरचं वाद्यांचं दुकान होतं. फेंडरचे ॲम्प अमेरिकेतून मागवायचे म्हणजे ब्रिटिश पोरांच्या खिशाला परवडत नव्हते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्शलच्या माणसांनी फेंडरचा बासमन ५एफ६-ए घेतला आणि त्याच्या सर्किटवरून आपला ॲम्प बनवला. ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर स्थानिक वापरले. या ॲम्पचं नाव जेटीएम ४५. वेगळ्या पार्टमुळे आवाजही वेगळा, जास्त आक्रमक निघाला.

पुढे मार्शलचे ॲम्प एकावर एक रचून भिंतीसारखे उभे राहिले आणि हार्ड रॉकचा आवाज म्हणून ओळखले गेले. त्या भिंतीचा पाया मात्र फुलर्टनमध्ये, बास गिटारसाठी बनवलेल्या एका ॲम्पचा होता.

मरणाच्या भीतीने विकलेलं नाव

इकडे लिओची तब्येत साथ देत नव्हती. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून स्ट्रेप जंतूंचा संसर्ग त्याच्या मागे लागला होता. वर्षानुवर्षं औषधं घेऊनही तो बरा होत नव्हता. आपण फार दिवस जगणार नाही, असं त्याला वाटू लागलं. कंपनी तर वाढतच होती.

जानेवारी १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएस या बड्या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली. किंमत १ कोटी ३० लाख डॉलर. आदल्याच वर्षी सीबीएसने न्यूयॉर्क यांकीज या नामांकित बेसबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा घेतला होता. त्यासाठीही त्यांनी यापेक्षा कमी पैसे मोजले होते.

त्यानंतर लिओने डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरने अँटिबायोटिक्सचा जबरदस्त डोस दिला आणि माणूस ठणठणीत बरा झाला!

आता विचार करा. वय साठीच्या आत. हाताला काम करायची सवय. डोक्यात कल्पना. आणि करार असा, की दहा वर्षं स्पर्धेत उतरायचं नाही. स्वतःच्या वाद्यावर स्वतःचं आडनाव लिहायचा हक्कही आता दुसऱ्याचा.

नव्या मालकांनी १९६६ मध्ये ट्रान्झिस्टरवर चालणारे गिटार ॲम्प बाजारात आणले. जमाना ट्रान्झिस्टरचा होता, रेडिओ त्यावर गेले होते, मग ॲम्प का नाही? पण वादकांना तो आवाज रुचला नाही, मालही वारंवार बिघडायचा. काही वर्षांत ती मालिका गुंडाळावी लागली. जुने, फेंडरच्या काळातले व्हॉल्व्हचे ॲम्प शोधून शोधून विकत घ्यायची लाट मात्र सुरू झाली.

लिओ स्वस्थ बसला नाही. त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी पुढे म्युझिक मॅन म्हणून ओळखली गेलेली कंपनी काढली, त्यात तो आधी पडद्याआडून सामील झाला. कराराची मुदत संपली तशी १९७५ मध्ये तो तिचा अध्यक्ष झाला. नंतर १९७९ च्या सुमारास जुना साथीदार जॉर्ज फुलर्टन याच्यासोबत त्याने जी अँड एल ही नवी कंपनी काढली. नाव कशावरून? जॉर्ज आणि लिओ. गिटारवर फेंडर लिहिता येत नव्हतं, पण कारखाना ज्या रस्त्यावर होता त्याचं नाव होतं फेंडर ॲव्हेन्यू.

१९७९ मध्येच एस्थर कॅन्सरने गेली. पुढच्या वर्षी त्याने फिलिसशी लग्न केलं. नंतर पार्किन्सन्सने गाठलं, हात थरथरू लागले, तरी तो कारखान्यात यायचा. २१ मार्च १९९१ ला तो गेला, आणि आदल्या दिवसापर्यंत कामावर होता. १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं.

आज किट बनवायचं म्हटलं तर

सीबीएसने १९८५ मध्ये फेंडर कंपनी तिथल्याच व्यवस्थापकांच्या गटाला विकली. जुन्या ॲम्पची मागणी पाहून नव्या मालकांनी १९९० मध्ये १९५९ चा बासमन पुन्हा बाजारात आणला. पण तोवर घरी ॲम्प बनवणाऱ्यांनी आपली वाट धरलेली होती. नाव कंपनीच्या ताब्यात राहिलं, नकाशा मात्र सगळ्यांचा झाला.

तुमच्यापैकी कुणाला हात घालून बघायचा असेल, तर थोडी कामाची माहिती.

नवशिक्याने चॅम्पपासून सुरुवात करावी. व्हॉल्व्ह तीनच, ताकद पाचेक वॅट. ५ई३ त्यापुढची पायरी. बोर्डवर साधारण तीसेक छोटे पार्ट बसतात आणि पॉवर व्हॉल्व्हचं बायस वेगळं जुळवत बसावं लागत नाही.

किट अमेरिकन असेल, तर पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टवर चालणारा आहे ना, हे मागवतानाच तपासायचं. तिकडे घरची वीज १२० व्होल्टची असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. या ॲम्पच्या आत साडेतीनशे व्होल्टच्या आसपास डीसी वीज खेळते. प्लग काढला तरी मोठे कॅपॅसिटर ती धरून ठेवतात. ते रेझिस्टर लावून रिकामे केल्याशिवाय आणि मीटरवर शून्य बघितल्याशिवाय आत हात घालायचा नाही. हा शॉक जीव घेऊ शकतो. या कामाची सवय नसेल, तर पहिल्यांदा चालू करताना जाणकार माणूस शेजारी असलाच पाहिजे.

सगळं जोडून झालं, सगळं तपासून झालं, स्विच दाबला. व्हॉल्व्ह हळूहळू लालसर होतात. गिटारची तार छेडली. आणि समजा, आवाज आलाच नाही तर? तर प्लग काढायचा, कॅपॅसिटर रिकामे करायचे, नकाशा शेजारी घ्यायचा आणि एकेक सांधा तपासत जायचं. चूक कुठेतरी समोरच असते, दडलेली नसते. ती सोय लिओ फेंडर आधीच करून गेलाय.